वर्षभराचा मेंटेनन्स एकदम भरला तेव्हा: घणसोलीतलं एक मिसिंग प्रकरण

हे लिहायला त्या दोघांची परवानगी घेतलीय. दादांनी स्वतः वाचलं, दोन ठिकाणी खोडलं, एका ठिकाणी म्हणाले "हे राहू दे". नावं मुद्दाम टाकली नाहीत, कामाचे आणि घरचे काही तपशील बदललेत. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना दादा म्हणतात म्हणून इथेही दादा, आणि त्यांची बायको म्हणजे वहिनी. मी त्याच विंगमध्ये राहतो आणि तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. डॉक्टर नाही, पोलीस नाही, त्यामुळे हे शेजाऱ्याच्या नजरेतून आहे असं समजून वाचा.

पार्श्वभूमी

दादा तेव्हा सत्तेचाळीसचे. मूळ पाटणकडचे, वडील माथाडी, आयुष्यभर मार्केटला गोणी उचलल्या. आमच्या घणसोलीत अशी घरं दर दुसऱ्या मजल्यावर सापडतील. दादा स्वतः रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर इनचार्ज. एक मुलगा, डिप्लोमाला. वडील 2021 मध्ये कोविडमध्ये गेले, तेव्हा दादांनी दहाव्यापासून सगळं एकट्याने पार पाडलं, डोळ्यात पाणी नाही, उलट रडणाऱ्यांना तेच पाणी देत होते आणि आम्ही सगळे म्हणत होतो काय खंबीर माणूस आहे.

2023 च्या शेवटी कंपनीत नवीन सॉफ्टवेअर आलं, स्टॉकची जुनी रजिस्टरं बंद. एका ऑडिटमध्ये माल कमी भरला. नंतर निघालं की एन्ट्री दोनदा पडली होती, चोरी वगैरे काही नव्हतं. पण मधल्या दोन महिन्यांत ह्या माणसाला रोज केबिनमध्ये बोलावून तेच तेच विचारत होते. घरी त्यांनी ह्यातलं अक्षर सांगितलं नाही.

घरी दिसत होतं ते वेगळंच. ॲसिडिटी. पाठ धरणं. पहाटे तीनला जाग आली की परत झोप नाही. जेवणावरून चिडचिड, टीव्हीच्या आवाजावरून मुलाशी वाद. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ईसीजी झाला, एंडोस्कोपी झाली, बी ट्वेल्व्ह कमी निघालं म्हणून इंजेक्शनं झाली. म्हणजे दुर्लक्ष झालं असं नाही, पोटाकडे आणि पाठीकडे भरपूर लक्ष होतं, "मन कसं आहे" हा प्रश्न तेवढा कुणी विचारला नाही. विचारला असता तरी ते "मजेत" म्हणाले असते हे आज दादाच सांगतात.

घर सोडण्याआधीचे पंधरा दिवस

ह्या भागावर मी जास्त लिहिणार, कारण इथे माझाही हात आहे.

चिडचिड एकदम थांबली. वहिनींच्या शब्दांत, "फार शहाण्यासारखे वागत होते." मुलाला बसवून चेक कसा लिहायचा, लाईट बिल ॲपवर कसं भरायचं, गॅसचा रेग्युलेटर कसा बदलायचा हे शिकवलं. मुलगा वैतागला, पप्पा मला येतं हे सगळं. विम्याचे आणि आरडीचे कागद एका फाईलमध्ये लावले. खालच्या वॉचमनला स्वतःची चांगली छत्री देऊन टाकली.

आणि एका रविवारी माझ्याकडे आले आणि पुढच्या वर्षभराचा मेंटेनन्स एकदम भरला. आमच्याकडे थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावावी लागते, तिथे हा माणूस ॲडव्हान्स देतोय म्हटल्यावर मी खूश. पावती फाडून दिली आणि म्हटलं, "दादा, तुमच्यासारखे चार मेंबर असते ना, तर मी झोपलो असतो निवांत." ते हसले. पावती दोनदा घडी घालून खिशात ठेवली. ते हसणं मला अजून आठवतं, त्यात काहीही वेगळं नव्हतं हाच तर त्रास आहे.

असं सगळं आवरून ठेवणारा प्रत्येक माणूस धोक्यात असतो असं अजिबात नाही, नाहीतर निम्मे निवृत्त लोक संशयात येतील. पण महिनोन्महिने झोप नाही, चिडचिड आहे, आणि मग अचानक शांतपणा आणि निरवानिरव, हे एकत्र दिसलं तर थांबून विचारायला हवं हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

गुरुवार

2024 चा पावसाळा, आषाढीच्या आधीचे दिवस. गेटच्या कॅमेऱ्यात दादा 5 वाजून 55 मिनिटांनी स्कूटरवरून बाहेर पडताना दिसतात. साडेदहाला कंपनीतून फोन, साहेब आले नाहीत. मोबाईल बंद. वहिनींनी आधी नातेवाइकांना फोन केले नाहीत, मला केला. "भाऊजी, जरा वर येता का."

अकराच्या सुमाराला वहिनींना कागदांच्या फाईलवर एक चिठ्ठी मिळाली. मी नंतर पाहिली. वहीच्या फाडलेल्या पानावर, नीट अक्षरात. स्टोअरच्या किल्ल्या अमक्याकडे दिल्यात. आरडीची पावती ह्याच फाईलला. पोराला ओरडू नको. मला शोधत बसू नका. बस, एवढंच. भांडण नाही, आरोप नाही.

दुपारी दोनला मी आणि मुलगा घणसोली स्टेशनच्या पार्किंगला गेलो तर स्कूटर तिथे. ही गोष्ट विचित्र होती कारण रबाळे पुढचंच स्टेशन आहे, दादा रोज स्कूटरने थेट कंपनीत जातात, स्टेशनचा संबंधच नाही. डुप्लिकेट चावीने डिकी उघडली. आत मोबाईल, मनगटी घड्याळ आणि कंपनीचं आयकार्ड, दुधाच्या दोन पिशव्या धुऊन एकात एक घालून त्यात नीट गुंडाळलेलं, वरून रबर. पाऊस आत जाऊ नये म्हणून. मुलगा ते हातात धरून किती वेळ उभा होता मला माहीत नाही.

(डिकी आम्ही उघडायला नको होती, आधी पोलिसांना सांगायला हवं होतं असं नंतर ऐकून घेतलं. बरोबर होतं ते.)

काय काय पर्याय होते

घरात आता सहा-सात माणसं जमली होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं. एक, संध्याकाळपर्यंत वाट बघू, डोकं शांत झालं की येतील. दोन, लगेच पोलिसात जाऊ. तीन, आपली पोरं बाईकवर पाठवू. चार, फोटो टाकून ग्रुपवर फिरवू. वहिनींच्या भावाचं म्हणणं होतं आषाढी आलीय, वारीच्या गर्दीत गेला असेल, दोन दिवसांत येईल पंढरपूरहून प्रसाद घेऊन. त्याला दोष देत नाही, अशा वेळी माणूस जे सगळ्यात कमी भीतीदायक ते खरं धरतो.

खरा वाद मात्र पोलिसात जायचं की नाही हा नव्हताच, चिठ्ठी दाखवायची की नाही हा होता. भाऊ म्हणाला चिठ्ठी दाखवली तर केस होईल, उद्या माणूस परत आला तरी त्याच्यावर गुन्हा, पोराच्या नोकरीला अडचण, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. वहिनी गप्प. आणि मी, शिकलेला सवरलेला माणूस, मीसुद्धा म्हटलं की बघू, आधी साधी मिसिंग देऊ.

दादांनी वर्षभर जे लपवलं ते त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून आणखी बारा तास लपवलं, ह्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझ्या मते हीच.

भावाच्या भीतीला आधारही उरलेला नव्हता. स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न करणाऱ्यावर गुन्हा लावणारं जुनं 309 कलम लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं, त्याला उपचार द्यायचे, शिक्षा नाही. आणि 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात तर ते कलम जुन्या रूपात नाहीच. बरं इथे तर कुणी काही केलेलंही नव्हतं, एक चिठ्ठी होती फक्त.

पोलीस स्टेशनला

आधी आम्ही रेल्वे पोलिसांकडे गेलो कारण स्कूटर स्टेशनवर सापडली होती, त्यांनी सांगितलं राहत्या भागातल्या ठाण्यात जा. तिथे ड्युटीवरच्या अंमलदाराने पहिलं वाक्य टाकलं, "मोठा माणूस आहे, चोवीस तास बघा वाट." असा कुठलाही चोवीस तासांचा नियम कायद्यात नाही. हे मला माहीत होतं म्हणून अडून बसलो, नाहीतर आम्हीपण परत आलो असतो. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो, मोठ्या माणसाची मिसिंग रजिस्टरला नोंद होते आणि तपास सुरू होतो. संध्याकाळी चारला आमचा मिसिंग नंबर पडला.

मग प्रश्न. उंची, वर्ण, अंगावरच्या खुणा, कुठल्या भाषा बोलतात, अंगात काय कपडे होते. कपडे कुणालाच सांगता येईनात, वहिनी तर रडायलाच लागल्या की मी बघितलंसुद्धा नाही आज. शेवटी गेटच्या फुटेजवरून सांगितलं, आकाशी चौकटीचा शर्ट, काळी पँट, काळी सॅक. भांडण झालं का? नाही. उधारी? नाही. दारू? नाही. आजार? इथे वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ॲसिडिटीचा त्रास आहे." झालं. समोरच्याने काय लिहिणार, रागावून निघून गेलेला प्रौढ माणूस.

शोध आणि आमचा गोंधळ

बाईकवाली पोरं सगळी ठाण्याच्या दिशेला. का, तर कंपनी त्या बाजूला म्हणून, दुसरं काही कारण नाही. कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीला विचारून आले, तलावपाळीला चक्कर मारली, ऐरोली, दिघा. पावसात भिजून रात्री परत.

फोटो मी बनवला. भाचीच्या लग्नातला, कोट घातलेला, आठ वर्षांपूर्वीचा, चष्मा नसलेला. खाली वहिनींचा नंबर. दोन तासांत तो मेसेज पनवेलपासून साताऱ्यापर्यंत फिरला आणि रात्री एकला फोन, "हॉस्पिटलमधून बोलतोय, तुमच्या पेशंटचा ॲक्सिडेंट झालाय, ऑपरेशनला पाच हजार टाका लगेच." भावाने टाकले. त्या हॉस्पिटलला गाडी काढून गेलो तर असा पेशंटच नाही. घरच्या बाईचा नंबर कधीही टाकायचा नाही, पोलीस ठाण्याचा नंबर आणि मिसिंग नंबर टाकायचा, फोटो महिन्याभरातला आणि अंगातल्या कपड्यांचं वर्णन. हे मला पाच हजारांत शिकायला मिळालं.

त्याच्या आधी, रात्री अकराच्या सुमाराला, मुलगा एकदम फुटला. "मामा, चिठ्ठी दाखवा नाहीतर मी एकटा जातो घेऊन." एकोणीस वर्षांचं पोरगं. घरात शांतता. मग आम्ही परत ठाण्यात.

नाईट ड्युटीला असलेल्या बाई अधिकारी होत्या. चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, आणि पहिल्यांदा कुणीतरी वेगळे प्रश्न विचारले. झोप कशी होती? जेवण? कुणाला काही देऊन टाकलं का? छत्री. मेंटेनन्स. चेक. आम्ही सांगत गेलो आणि सांगताना माझंच तोंड कोरडं पडलं, कारण एकामागून एक ठेवल्यावर ते चित्र आंधळ्यालाही दिसलं असतं. मोबाईल घरीच असल्यामुळे टॉवर लोकेशनचा काही उपयोग नव्हता, पण त्यात एटीएमचा मेसेज होता, मंगळवारी चार हजार काढलेले. बाई म्हणाल्या पैसे काढलेत म्हणजे कुठेतरी जायचं मनात होतं, हे चांगलंय. मग वहिनींना विचारलं, "महिन्याभरात कुठल्या जागेचं नाव निघालं त्यांच्या तोंडून?" वहिनींना आठवलं, गावच्या घराची कौलं शाकारली का हे दोनदा विचारलं होतं.

गावाला आम्ही तोवर फोनसुद्धा केला नव्हता. गावात कशाला कळायला पाहिजे म्हणून! रात्री बाराला दादांच्या चुलत भावाला उठवलं. पोलिसांकडून सातारा जिल्ह्यात मेसेज गेला. शुक्रवारी मिसिंग नंबर घेऊन गेल्यावर स्टेशनचं फुटेज बघायला मिळालं, आणि दादा ठाण्याच्या नाही, पनवेलच्या गाडीत चढताना दिसले.

शुक्रवारी पहाटेची एक गोष्ट राहिली. सव्वापाचला घरात दादांच्या मोबाईलचा अलार्म वाजला, आम्हीच तो चालू करून चार्जिंगला लावला होता. वहिनींनी तो बंद करू दिला नाही. वाजून वाजून आपोआप थांबला.

सापडले

शनिवारी सकाळी, कराडच्या एसटी स्टँडवर. चुलत भाऊ शुक्रवारीही येऊन गेला होता पण चुकामूक झाली. शनिवारी पहाटे परत आला, पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याला फोटो दाखवला, ह्यावेळी चष्म्यातला. तो म्हणाला हे होय, हे दोन दिस झालं बसत्यात की हितं. पाटणची गाडी लागली की उठत्यात, दारापर्यंत जात्यात आन् परत येऊन बसत्यात.

चुलत भाऊ दहावी नापास, शेती करतो. त्याने काय केलं तर शेजारी जाऊन बसला आणि विचारलं, "दादा, च्या झाला का न्हाई?" का गेलास नाही, सगळे किती घाबरलेत नाही. दोघांनी चहा घेतला. अर्ध्या तासाने दादाच म्हणाले, "घरी फोन लाव."

आम्ही रात्री टेलीमानसच्या 14416 नंबरवर वहिनींना बोलायला दिलं होतं, चोवीस तास असतं ते आणि मराठीत बोलतात, तिथल्या बाईंनी पण जवळपास हेच सांगितलं होतं की सापडल्यावर आधी जाब विचारू नका, एकटं सोडू नका. चुलत भावाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागतो, तेव्हा मिसिंग बंद होते. मोठ्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध घरी पाठवत नाहीत. त्यांनाच विचारलं, "तुम्हाला घरी जायचंय का?" दादा म्हणाले हो. वहिनींना त्या प्रश्नाचा राग आला होता, आता म्हणतात बरं झालं विचारलं.

डॉक्टर

इथे परत वाद. सायकियाट्रिस्ट म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "म्हणजे काय ठाण्याला नेणार का?" आपल्याकडे "ठाण्याला पाठवा" ही चेष्टा आहे, 1901 पासून तिथे मनोरुग्णालय आहे त्यामुळे गावाचं नावच शिवीसारखं वापरतात. एक पर्याय होता महिनाभर गावी ठेवायचं, हवापालट. दुसरा, फॅमिली डॉक्टरांकडूनच झोपेची गोळी. वहिनींनी ह्यावेळी कुणाचं ऐकलं नाही, सोमवारी मनपाच्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीला केस पेपर काढला.

डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं त्याचा. मग सरळ विचारलं, "मरून जावं असे विचार येतात का?" मी दचकलो, असं कुणी विचारतं का तोंडावर. दादा अगदी शांतपणे म्हणाले, "हो. चार महिने." आणि रडले. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. असं विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर समजावलं. पुरुषांमध्ये डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यातून नाही तर चिडण्यातून, पोटातून, पाठीतून दिसतं हेही.

गोळ्या सुरू झाल्या की लगेच फरक पडेल असं आम्हाला वाटलं होतं. पडला नाही. दोन-चार आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या पंधरवड्यात तर मळमळ आणि बेचैनी वाढली, दादा म्हणाले बंद करतो, वहिनींनी गोळ्यांचा डबा स्वतःकडे ठेवला. अंगात ताकद आधी येते आणि मन मागून येतं, तेव्हा जास्त जपायचं असंही सांगितलेलं, म्हणून महिनाभर घरात कुणी ना कुणी असायचंच, दोन वेळा मीही जाऊन बसलोय, कॅरम खेळत.

नंतर

कंपनीने दीड महिन्याची रजा दिली, हिशोबातली चूक लेखी मान्य केली, पण ते पत्र यायला तीन महिने लागले. दादा परत कामावर आहेत, स्टोअरमध्ये नाही, डिस्पॅचला. मध्ये एकदा स्वतःच्या मनाने गोळ्या सोडल्या आणि पाच आठवड्यांत परत पहाटे तीनची जाग सुरू झाली, ह्यावेळी स्वतःच सांगितलं. चिडतात अजून. वहिनींना अजून स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला की खिडकीत यावं लागतं, त्यांच्यासाठी कुणी गोळी दिलेली नाही आणि ही गोष्ट आम्ही सगळ्यांनीच उशिरा बघितली. मुलगा त्या रात्रीबद्दल बोलत नाही.

परत अशी वेळ आली तर

चिठ्ठी, झोप, औषधं, सगळं पहिल्या तासाला पोलिसांना सांगेन, नातेवाईक रागावले तरी. गावाला पहिला फोन. लोकांना चारही दिशांना पाठवायच्या आधी फुटेज. धोका वाटला तर 112. आणि सापडल्यावर फोटोवर मोठ्या अक्षरात "सापडले" लिहून जिथे जिथे पाठवला तिथे तिथे परत पाठवेन, हे मी केलंच नाही, आनंदात विसरलो.

मेंटेनन्सचं विचाराल तर, आता कुणी ॲडव्हान्स भरायला आलं की मी चहा ठेवतो आणि बसवून घेतो. दोघं जण वैतागून गेलेत आत्तापर्यंत. एकाला फक्त दुबईला जायचं होतं.

आणि तो मेसेज अजून फिरतोय. मागच्या दिवाळीत दादांच्या गावच्या ग्रुपवर कुणीतरी परत टाकला, कोटातला फोटो, "कृपया जास्तीत जास्त शेअर करा". खाली सोळा जणांनी हात जोडलेले. सतरावा मेसेज दादांचा होता. "मिळालो. फोटो जुना आहे, आता चष्मा आहे."